सासूबाई आणि गुरुवारची ओपीडी

माझ्या सासूबाईंनी सगळा जन्म फुलांत काढला. मखमलाबादच्या पुढे आमची वाडी होती. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब. पहाटे तोडणी करायची आणि उजाडायच्या आत टोपल्या पंचवटीतल्या फूलबाजारात पोचवायच्या, हा त्यांचा नेम. सासरे लवकर गेले, तरी तो मोडला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तोडणीला नेलं आणि सांगितलं, "फूल देठाला धरायचं, डोक्याला नाय. आपलं डोकं कुणी असं धरलं तर चालंल का?"

पुढे वाडीच्या अंगावरून रस्ता गेला, आजूबाजूला इमारती उठल्या. उरलेली जमीन आम्ही वाट्याने कसायला दिली आणि त्याच भागात एका सोसायटीत राहायला आलो. माझा नवरा अंबडला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, मी शाळेत ग्रंथपाल आहे, मुलगी पुण्याला शिकते. दिवसभर आई, म्हणजे सासूबाई, घरात एकट्या असत, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. फाटकाशी फुलं विकायला बसणाऱ्या बाईची त्या रोज तपासणी घेत. "ही शेवंती कालची हाय. पाणी मारून मला फसवतीस व्हय?" ती बाईही हसायची आणि टोपलीच्या तळातली ताजी ओंजळभर काढून द्यायची.

अशा आई हळूहळू गप्प झाल्या. कधीपासून, ते आम्हाला कुणालाच नेमकं सांगता येत नाही. आधी थंडी वाजायला लागली. वैशाखात, डोक्यावर पंखा गरगरत असताना, त्या स्वेटर घालून वर शाल लपेटून बसत. "लय गार वाटतंय गं," म्हणत. मग झोप वाढली. मग बोलणं मंदावलं. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागे, की तोवर विचारणारा उठून गेलेला असे. आवाज घोगरा झाला. चेहरा सदा सुजल्यासारखा. चालताना भिंतीला हात. ऐकायला कमी येऊ लागलं, म्हणून टीव्हीचा आवाज वाढला. एकदा गॅसवर दूध ठेवून त्या बाहेर येऊन बसल्या. पातेलं करपून काळं झालं, खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले, तरी त्यांना वासही आला नव्हता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "आता वय झालं. स्मृती जाणारच." शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांचं तेच म्हणणं. प्रत्येकाकडे सांगायला एक तरी आजी किंवा आजोबा होते, जे असेच विसरत विसरत गेले.

दसऱ्याला मात्र मी हादरले. दसरा म्हणजे त्यांचा सण. वाडी होती तेव्हा त्या दिवशी घरात कुणी जेवायलासुद्धा बसत नसे, इतकी फुलांची घाई. तर नवऱ्याने वाडीवरून टोपलीभर झेंडू आणला, आईंच्या पुढे ठेवला, सुई ओवून हातात दिली. तोरणाचं काम त्यांचंच. मी स्वयंपाकघरात होते. बऱ्याच वेळाने बाहेर आले तर त्या एक फूल हातात धरून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. मांडीवर पाकळ्यांचा सडा पडला होता. सुई कुठून घालायची ते सापडत नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "हे कसं करायचं असतं?"

नवऱ्याने त्यांच्या हातातली सुई घेतली आणि स्वतः तोरण करायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा. ते वाकडंतिकडं तोरण दाराला लागलं.

भाऊबीजेला माझी नणंद नांदगावहून आली. तिच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे अशा आजारपणाचा अर्थ तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होता. ओवाळणी झाली, भाऊ कामावर गेला, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत बसलो. मी म्हटलं, "मी नोकरी सोडायची ठरवतेय. दिवसभर त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नाही."

"वहिनी, नोकरी सोडू नकोस," ती म्हणाली. "मी सोडून बसलेय, मला विचार. आज आई चालतीये. उद्या चालणार नाही, मग तू एकटी काय काय करशील?" मग ती अगदी हळू म्हणाली, "आमच्या ओळखीच्यांनी त्यांच्या आजीला एका आश्रमात ठेवलंय. नीट बघतात म्हणे. दादाला विचारून तर बघ." एवढं बोलली आणि तिचीच तिला लाज वाटून पदराने डोळे पुसू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. निदान आम्हाला तसं वाटलं.

दिवाळीनंतर एका सकाळी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई सोसायटीत आल्या. साठीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी होती. पार्किंगमध्ये टेबल मांडलं होतं, बीपी आणि साखर बघत होते. मी आईंना हाताला धरून खाली आणलं. सिस्टरने मनगट धरून नाडी मोजली, पुन्हा मोजली. म्हणाली, "ठोके जरा कमी वाटतायत. दर गुरुवारी आपल्या हॉस्पिटलात ज्येष्ठांची वेगळी ओपीडी असते. रांग वेगळी, बसायला जागा आहे. एकदा दाखवून आणा."

मला फारशी आशा नव्हती. पण निदान काहीतरी केलं असं होईल म्हणून मी रजा टाकली. आईंना सांगितलं, "गुरुवारी आपल्याला हॉस्पिटलात जायचंय." दवाखाना म्हटलं की भांडणारी बाई ती. "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर ठरलेलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

गुरुवारी त्या माझ्याआधी तयार होत्या. धुतलेलं लुगडं, मांडीवर त्यांची बाजाराची कापडी पिशवी. निघताना देवापुढे उभ्या राहिल्या, मग दाराच्या चौकटीला हात लावून घरभर नजर फिरवली. मला वाटलं, नेहमीसारखा वेळ लागतोय. खाली रिक्षा थांबली होती. मी म्हटलं, "चला आई."

हॉस्पिटलात खालच्या मजल्यावरच ज्येष्ठांचा कक्ष होता. पायऱ्यांऐवजी उतार, भिंतीला धरायला दांड्या, आणि लांबलचक बाकं. बाकांवर बसलेल्या मंडळींना बघून माझा धीर थोडा वाढला आणि थोडा खचलाही. कुणाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, कुणी काठी दोन पायांत धरून डुलक्या काढतंय. एक आजोबा दर थोड्या वेळाने विचारत होते, "माझा नंबर गेला का?" आणि दर वेळी कुणीतरी न कंटाळता सांगत होतं, "नाही बाबा, आहे अजून."

एका बाईंनी आम्हाला सरकून जागा दिली. जुन्या नाशकातल्या होत्या, डोक्यावरून पांढरी ओढणी, गुडघ्यांना पट्टे. "बसा, बसा. माझं काय, मी दर गुरुवारची. व्यायामाला येते," त्या म्हणाल्या. "या पायांनी नमाज पढता येईना हो, खुर्चीवर बसून पढावी लागते. आता जरा वाकतायत."

आईंचा चष्मा पुसून द्यावा म्हणून मी त्यांची पिशवी घ्यायला गेले. त्यांनी ती घट्ट धरली. मी म्हटलं, "चष्मा काढते फक्त," आणि हलकेच सोडवून घेतली. आत दोन लुगडी होती, नीट घडी केलेली. कंगवा. पांघरायची चादर. आणि चादरीच्या घडीत, भिंतीवरून उतरवून घेतलेला सासऱ्यांचा फोटो.

"आई, हे सगळं कशाला आणलंत?"

उत्तराला वेळ लागला. पण आलं. "मी आपली तयारीनंच आले. पुन्हा सामान आणायला तुला हेलपाटा नको."

"कसलं सामान?"

"मला हितं ठिवणार ना तुम्ही. भाऊबीजंला बोलत व्हता." त्या माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघून सांगत होत्या. रागाचा लवलेश नव्हता. "जागा चांगली हाय. उजेड हाय."

मला तिथे, त्या सगळ्या लोकांत, रडू फुटलं. मी खाली फरशीवर त्यांच्या पायांशी बसले, दोन्ही हात धरले. हात गार आणि खरखरीत होते. म्हटलं, "आई, आपण दाखवायला आलोय. डॉक्टरांना दाखवायचं आणि घरी जायचं. तुम्ही आणि मी. रिक्षाने."

"घरी?"

"घरी. आपल्या घरी."

शेजारच्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढे वाकून आईंच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "अहो, इथं कुणालाच ठेवून घेत नाहीत! मीच कधीची म्हणतेय, ठेवा मला आठवडाभर, सुनेला सुट्टी मिळेल. तर म्हणतात, घरी जा खाला, रोज व्यायाम करा!" आजूबाजूचे हसले. आई हसल्या नाहीत, पण माझ्या हातातले त्यांचे हात सैल पडले. मी फोटो पुन्हा चादरीत गुंडाळून ठेवला.

आमचा नंबर लागला. डॉक्टर तरुण बाई होत्या. मी सवयीने सांगायला सुरुवात केली तसा त्यांनी मला हाताने थांबवलं आणि खुर्ची आईंच्या जवळ ओढली. "आजी, तुम्ही सांगा. काय होतंय?" आणि त्या थांबल्या. बाहेर एवढी गर्दी असताना त्या उत्तराची वाट बघत बसून राहिल्या. आई सावकाश, एकेक शब्द शोधत बोलल्या. गार वाटतं. पोट साफ होत नाय. पाय जड झाल्यात. डोकं चालत नाय. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. आईंना दोन्ही सांगता आले नाहीत.

पण डॉक्टर दुसरंच काही बघत होत्या. आईंच्या भुवया बघितल्या, त्या टोकाला विरळ झाल्या होत्या. माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. नडगीवर बोट दाबून बघितलं, कातडी चिमटीत धरली. मग मला विचारलं, "आजींचा आवाज पहिल्यापासून असाच आहे?"

"नाही हो. खणखणीत होता."

"जुना एखादा व्हिडिओ आहे का फोनमध्ये?"

माझ्या मुलीने गंमत म्हणून काढलेला एक होता. फाटकाशी आई फुलवालीची खरडपट्टी काढतायत. मी तो लावला. त्या छोट्या खोलीत आईंचा तो जुना आवाज कडाडला. आईंनी चमकून विचारलं, "कोण गं ती?" डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि समोर बसलेल्या आईंकडे बघितलं. मग त्यांनी आईंना खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं आणि अगदी सावकाश, आळसावल्यासारखं परत जागेवर आलं.

"स्मृतिभ्रंश म्हणायच्या आधी मला एक दुसरी गोष्ट तपासायचीय," त्या म्हणाल्या. "थायरॉईड. रक्त देऊन जा, ईसीजी पण काढू. रिपोर्ट सोमवारी येईल."

ते मधले दिवस मी कुणाला काही बोलले नाही. आशा लावायची आणि मग ती मोडायची, हे नवऱ्याला नको होतं आणि मलाही. सोमवारी शाळेतून परस्पर हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि अगदी साध्या शब्दांत समजावलं. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ कामच करत नाहीये. त्यामुळे सगळं शरीर मंदावलंय. नाडी, पोट, आवाज, कान, डोकं, सगळंच. "रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. चहा त्यानंतर, तासाभराने. वय आहे, म्हणून लहान डोसने सुरू करू आणि हळूहळू वाढवू. घाई करायची नाही."

"म्हणजे हे वयामुळे नाही?"

"काही भाग वयाचा असेलही. तो मागाहून कळेल. पण बराचसा या आजाराचा आहे, आणि हा औषधाने आटोक्यात येतो."

बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन लावला. मागे यंत्रांचा धडधडाट. "काय म्हणतेस? ऐकू येत नाही. थांब, बाहेर येतो." तो बाहेर आल्यावर मी पुन्हा सगळं सांगितलं, पिशवीतल्या सामानाचंही. तो म्हणाला, "एक गोळी? नुसती एक गोळी?" आणि हसायला लागला. त्या हसण्यात रडणं मिसळलेलं होतं हे मला कळत होतं, त्यालाही कळत असावं. शिफ्ट संपवून घरी आला तो सरळ आईंच्या पलंगावर जाऊन बसला. म्हणाला, "आई, तुला कुठं पाठवायचं नाय. कुणी काय बोललं असंल तर इसरून जा." आई म्हणाल्या, "इसरायचं तर मला सांगायलाच नको." किती दिवसांनी त्या असं काही बोलल्या होत्या.

गोळी सुरू झाली आणि काहीच झालं नाही. रोज सकाळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि चेहरा तसाच. गुरुवारी डॉक्टरांना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "रोज बघू नका, दिसणार नाही. बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्याला दिसेल." डोस थोडा वाढला. त्याच इमारतीत व्यायामाची खोली होती, तिथे तोल सांभाळायचे व्यायाम सुरू झाले. पांढऱ्या ओढणीवाल्या खाला, म्हणजे मावशी, तिथे भेटत. त्यांनी आईंच्या शेजारची जागा कायमची धरून टाकली.

मग संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी मी नेहमीसारखा टीव्ही मोठ्याने लावून दिला आणि भाजी चिरायला गेले. पलंगावरून आवाज आला, "कोण बोंबलतंय एवढं? कमी कर ते!" मी सुरी तशीच हातात घेऊन बाहेर धावले. त्यांनी स्वेटर काढून उशाला ठेवला होता. विचारलं, "ऐकू येतंय आई?" तर म्हणाल्या, "मी काय बहिरी हाय?"

त्यानंतर एकेक गोष्ट येत गेली. पावलांना जोर आला. तोंडावरची सूज उतरली आणि खालून त्यांचा ओळखीचा, हाडकुळा चेहरा वर आला. डॉक्टरांनी वार विचारला तर म्हणाल्या, "गुरुवार. नायतर मी हितं कशाला येईन?" फाटकाशी उतरल्या तेव्हा फुलवाली आपली टोपली सोडून उठली आणि त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि लगेच गुलाबाच्या पाकळ्या चाचपायला घेतल्या.

होळीला नणंद आली. आईंना बघून दारातच थबकली. आईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "तू बोललीस ते मी ऐकलं व्हतं. मला राग नाय. तुझी सासू पडून हाय, तू दमलीस पोरी. दमलेलं माणूस काय बी बोलतं." नणंद त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. जाताना माझ्याकडून नांदगावच्या सरकारी दवाखान्यात काय विचारायचं, कुठली तपासणी मागायची, ते सगळं विचारून गेली. तिच्या सासूचं दुखणं वेगळं निघालं, पक्षाघाताचं. पण घरी येऊन हातपाय हलवून घ्यायला शिकवणारी एक बाई तिला मिळाली. तेवढ्यानेही तिचा फोनवरचा आवाज मोकळा झाला.

सगळं परत आलं असं नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा स्मृतीची चाचणी घेतली आणि सांगितलं, थोडी उणीव राहील, ती वयाची. आई नावं विसरतात. पुण्याच्या नातीला कधी नणंदेच्या नावाने हाक मारतात. एकट्या असताना गॅस लावायचा नाही, हे आम्ही ठरवलंय आणि त्यांनी कुरकुरत मान्य केलंय. पण आज त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडूनच मिळतं.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, "आता रक्त सहा महिन्यांनी तपासू." आईंचा चेहरा पडला. "मग गुरुवारी यायचं नाय?" डॉक्टर हसल्या. "व्यायामाला या की. तो बंद करायचा नाही."

तेव्हापासून त्या एकट्या जातात. म्हणजे रिक्षाने रविवार कारंजापर्यंत, तिथे खाला उभ्या असतात, आणि पुढे दोघी मिळून. पहिल्या गुरुवारी मी म्हटलं, "मी रजा टाकते." आईंनी मला दारातूनच परतवलं. "तुझ्या शाळेतल्या पोरांना पुस्तकं कोण देणार?" मी शाळेत गेले. सातवीच्या वर्गाचा तास होता, मुलं कपाटांवर तुटून पडली होती, एकाला भुताची पुस्तकं हवी होती, एकीला विमानांची. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून मी एकदाही घरी फोन केला नव्हता. तिथेच बाकावर बसून मी डबा उघडला आणि निवांत जेवले.